खळ्यावरचा ओला ठिपका

करंजमाळाला जाणारा रस्ता पोलादपुरातून निघतो तेव्हा चांगला शहाणा असतो. डांबर असतं, कडेला पांढरा पट्टा असतो. ओढ्यावरचा पूल ओलांडला की त्याचं डोकं फिरतं, आणि वाडीच्या खालच्या शेवटच्या वळणावर तर तो कुणाचंच ऐकत नाही. त्या वळणावर एक धोंडा आहे. रस्ता करताना ठेकेदाराने तो फोडायचा कंटाळा केला आणि वर माती-खडी पसरून झाकून टाकला. दोन पावसाळ्यांनी माती नेली, धोंडा तेवढा राहिला. आता तो वीतभर वर आला आहे. ग्रामपंचायतीत त्याच्यावर तीनदा बोलणं झालं, फोटो काढून झाले. धोंडा आपल्या जागी आहे.

सारिकाला तो घरच्या उंबऱ्याइतका पाठ होता. चढताना गाडी दरडीला चिकटवून घ्यायची, धोंडा डाव्या हाताला सोडायचा, पहिल्या गिअरमधून पाय हलवायचा नाही आणि मुख्य म्हणजे थांबायचं नाही. थांबलं की सुट्या खडीवर चाकं नुसती फिरतात आणि गाडी मागे सरते. गेली तीन वर्षं ती जुनी व्हॅन चालवत होती. नवरा भरत ठाण्यात एका साहेबाची गाडी चालवायचा. त्यानेच तिला शिकवलं होतं आणि आता गणपतीत घरी आला की तिच्या शेजारी बसून मुकाट यायचा. वाडीतली माणसं पहाटे एसटीला सोडायची, बाजारच्या दिवशी गोण्या आणायच्या, एखादीला कळा सुरू झाल्या तर महाडपर्यंत न्यायचं. वाडीने तिच्या हाताला नावं ठेवायचं केव्हाच सोडून दिलं होतं. निदान तोंडावर तरी.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. लवकर पिकणारं हळवं भात कापून पडलं होतं. सकाळी दव असतं तोवरच भारे वाहायचे, नाहीतर ऊन चढलं की लोंबीतला दाणा वाटेवर गळतो. म्हणून त्या शनिवारी आठाच्या सुमाराला सारिका एसटीची माणसं सोडून रिकामी वर येत होती, आणि नेमक्या वळणावर बांधावरून चार भारे रस्त्यावर उतरले.

भारा म्हणजे बाई दिसत नाही. भाताचा एक ढीग दिसतो आणि त्याच्या खाली दोन पाय. डोक्यावर भारा असलेल्या माणसाला कान नसतात, डोळेही पायापुरतेच असतात. त्याने बाजूला व्हायचं नसतं. बाकीच्या सगळ्यांनी त्याच्यासाठी व्हायचं असतं. मग तो सरपंच असो, सोयरा असो की गाडी असो. चारी भारे दरडीच्या कडेला लागले. पुढचे पाय सारिकाने ओळखले. उजव्या अंगठ्याचं नख फुटलेलं, टाचांना भेगा. तिची सासू येसूबाई.

थांबलं तर गाडी मागे जाणार, आणि मागे उतार. सारिकाने दरड भाऱ्यांना दिली आणि चाक डावीकडे फिरवलं. धोंडा दोन्ही चाकांच्या मधोमध आला. खालून खर्रर्र करून लांबलचक आवाज निघाला, पायाखालचा पत्रा थरथरला, दात शिवशिवले. गाडी एकदा उचलल्यासारखी झाली आणि पुढे आली.

भाऱ्याखालून येसूबाईचा आवाज आला, "काय फुटला गो?"

"काय नाय, आत्या. तुम्ही चला."

पण काही फुटलं असेल तर सारिकाला ते परवडणारं नव्हतं. कारण सोमवारी चारुशीला मॅडम येणार होत्या.

पोलादपुरातल्या शाळेत करंजमाळातल्या सहा मुली अकरावी-बारावीला जात होत्या. एसटी पुलाच्या वर येत नाही, म्हणून रोज पुलापर्यंत साडेचार किलोमीटर चालायच्या. पालकसभेत ठरलं की मुलींना गाडी लावायची. गाड्या दोनच. एक सारिकाची, दुसरी खालच्या वाडीतल्या दीपकची. मुख्याध्यापिका चारुशीला मॅडम महाडला राहायच्या; त्या म्हणाल्या, मी दोन्हींत बसून बघते. सोमवारी सकाळी दीपकच्या गाडीतून वर यायचं, सारिकाच्या गाडीतून मुलींबरोबर खाली जायचं, आणि मग सांगायचं. सारिकाला ती फेरी हवी होती. वर्षभर रोज ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या माणसांसाठी गाडी काढायची. कुणी हाक मारील तेव्हा धावायचं नाही. आपण ड्रायव्हर आहोत हे एकदा कुणीतरी कागदावर लिहून द्यावं, एवढंच तिच्या मनात होतं. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना माहीत होतं.

घरी आल्यावर तिने खाली गोणपाट टाकलं आणि गाडीच्या पुढच्या भागाखाली शिरली. इंजिनच्या तळाशी तेल साठतं त्या चेंबरवर पांढरा ओरखडा उठला होता, पण ओल नव्हती. तिने तेलाची पट्टी काढून पाहिली, कूलंटची बाटली पाहिली. दोन्ही जागच्या जागी. तेवढ्यात निम्मी वाडी गोळा झाली होती आणि निम्म्या वाडीकडे उपाय तयार होता.

"कपड्याचा साबण घास," सासरे भागोजी मोठ्याने म्हणाले. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून सगळं जग बहिरं आहे असं धरून ते बोलतात. "माझ्या पंपाची टाकी फुटलेली, साबण लावला, चार वर्सं चालली!"

"मामा, अजून काय फुटलंय तेच कळलं नाय," सारिका खालून ओरडली.

"तर काय! चार वर्सं!"

तिने पोलादपूरच्या भिकू मेस्त्रीला फोन लावला. भिकू म्हणाला, "वयनी, उगा घाबरू नको. सपाट, साफ जागेवर गाडी लाव. रातभर उभी ऱ्हाव दे. सकाळी खाली बग. काळा थेंब पडला तर इंजिनचा तेल, हिरवा पडला तर कूलंट. पानी असंल तर सोडून दे. काय नसंल तर देवाला नारळ फोड."

वाडीत सपाट आणि साफ जागा एकच होती. त्यांचं स्वतःचं खळं. पाऊस गेल्यावर येसूबाईने ते खणून, पाणी मारून, चोपण्याने चोपून चोपून परातीसारखं सपाट केलं होतं आणि वर शेणाने सारवलं होतं. अजून त्याच्यावर पहिला भारा पडायचा होता. सारिका म्हणाली, "आजच्या दिवस गाडी खळ्यावर लावते." येसूबाईच्या कपाळाला आठी पडली, पण ती काही बोलली नाही. एरवी ती बोलल्याशिवाय राहणारी बाई नव्हे. सकाळपासून तिच्या मनात काहीतरी चाललं होतं, ते सारिकाच्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. दिवसभर दोघी वेगवेगळ्या खाचरांत कापत होत्या.

रविवारी उजाडायला सारिका विहिरीवर गेली. येऊन हंडा टेकवला आणि आधी गाडीखाली वाकून पाहिलं. खळं स्वच्छ. ताजं सारवलेलं, बोटांच्या अर्धगोल रेघा अजून ओल्या; आज झोडणी, म्हणून आत्यांनी पहाटेच हात फिरवला असणार. काळा थेंब नाही, हिरवा नाही. तिने तिथूनच भिकूला फोन केला.

"काय नाय, भिकूदादा. कोरडा ठाक."

"मग झाला की. मज्जा कर."

तिला इतकं हलकं वाटलं की तिने चहात साखर जास्त टाकली. भागोजींनी साबण न लावताच गाडी बरी झाल्याचं ऐकून जरा नाराजी दाखवली. येसूबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती, वर बघत नव्हती.

नऊच्या सुमाराला ऊन चांगलं तापलं. झोडणी सुरू करायची तर खळं मोकळं करायला हवं होतं. सारिका गाडीत बसली. चावी फिरवण्याआधी सवयीने ब्रेकवर पाय ठेवला. पाय गेला. नेहमी जिथे अडतो त्याच्याही खाली चार बोटं गेला, मऊ, जणू कुणी खाली उशी ठेवली आहे. तिने पाय उचलून पुन्हा दाबला. जरा वर अडला. पुन्हा दाबला. पुन्हा खाली.

तिने गिअरमध्ये टाकून, हँडब्रेकवर हात ठेवून, गाडी अगदी मुंगीच्या पावलाने खळ्याबाहेर घेतली आणि खाली उतरून आली. सगळं खळं वाळून फिकट झालं होतं. फक्त मागचं डावं चाक उभं होतं त्याच्या जरा पुढे, तळहाताएवढा एक ठिपका ओलाच होता. शेण वाळलं होतं, ठिपका वाळला नव्हता.

सारिकाने बोट लावलं. बुळबुळीत. काळं नाही, हिरवं नाही. करडईच्या तेलासारखं पिवळट, पण त्याहून पातळ. वास घेतला तर नाकात उग्र काहीतरी गेलं. तिने मान वर केली. येसूबाई कोयता हातात घेऊन तशीच उभी होती.

"आत्या, सकाळी इथं काय व्हतं?"

"काय नाय."

"आत्या."

येसूबाईने कोयता खाली ठेवला. "ठिपका व्हता. एवढुसा. पहाटं बगितला."

"मग?"

"मग सारवला." तिने उजवा हात पुढे केला. तीन बोटांच्या भेगा लाल झाल्या होत्या. "तवापासून हात चुरचुरतोय."

सारिकाला राग आला. सरळ राग. सासू आहे, मोठी आहे, हे क्षणभर विसरायला झालं. "सारवला? आवो, त्यो ठिपका बगायलाच मी गाडी इथं लावलेली! भिकूदादाला मी सांगितलं कोरडं हाय म्हणून! उद्या सहा पोरी बसणार व्हत्या गाडीत. खाली उतार, आन् पायाखाली ब्रेक नाय. काय झाला असता, आत्या?"

येसूबाईचं तोंड उतरलं. ती मटकन खळ्याच्या कडेला बसली.

"मला काय ठावं ब्रेकचा तेल?" ती हळू म्हणाली. "आज खळ्यात भात पडायचा, तितं डाग कसा ठिवू? आन् खरं सांगू, माझ्यापायी गाडी धोंड्यावर गेली. लोक बगतील, म्हनतील सारिकेनं गाडी फोडली. फोडली मी. भाऱ्याखाली मला कायबी दिसला नाय गो. म्हटला, पुसून टाकावा. कुनाला कळायच्या आत."

ते ऐकल्यावर सारिकाचा राग जागेवर राहिला नाही. भीती मात्र राहिली. तिने बादलीत पाणी आणलं, साबण आणला आणि सासूचा हात मनगटापर्यंत दोनदा धुऊन काढला. साबण घरात एवढ्याच कामाला आला. मग विळ्याने तो ठिपका बोटभर खोल खरवडून पाटीत भरला आणि भातापासून लांब, दगडी गडग्यापलीकडे नेऊन टाकला.

आता तिने काल बघायचं राहिलेलं बघितलं. ब्रेक ऑइलची बाटली. खालच्या रेघेच्याही खाली गेली होती. काल तिने इंजिन पाहिलं, पाणी पाहिलं आणि हीच बाटली पाहिली नव्हती. त्याचा दोष तिने मुकाट स्वतःकडे घेतला.

गाडीच्या चाकांना दगड लावले. जॅकवर मागची बाजू उचलली आणि जॅकचा भरवसा नको म्हणून भागोजींनी सागाचे दोन ओंडके खाली सरकवले. सारिका गोणपाटावर पाठीवर झोपून आत गेली. पेंढ्याची कुसं मानेला टोचत होती, वरून चिखलाच्या खपल्या डोळ्यांत पडत होत्या. लोखंडी पट्टीच्या कडेने एक बारीक पाईप मागे गेला होता, पेन्सिलीपेक्षाही बारीक. एका जागी तो चपटा झाला होता आणि त्या चपट्या जागेला केसाएवढी चीर होती. चिरेच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. पडत नव्हता. तिने पडेपर्यंत वाट पाहिली.

भिकूला पुन्हा फोन केला तेव्हा त्याने आधी एकच सांगितलं. "वयनी, गाडी आननार आसशील तर आनू नको."

"येडी हाय का मी? पाईप काढून आनते. तू तस्सा नवा बनवून दे."

"काढता येईल?"

"दहाचा पाना हाय. बगते."

बघते म्हणणं सोपं होतं. दोन्ही टोकांचे नट गंजून बसले होते. तिने त्यांच्यावर रॉकेलचा फडका लावला, अर्धा तास भारे रचायला गेली, परत आली. पान्याला नेट दिला की पाना घसरायचा आणि हाताची सालं निघायची. तिसऱ्या खेपेला पहिला नट करकरला. दुसऱ्यासाठी तिने दोन्ही पाय ओंडक्याला टेकवले, दात आवळले आणि सासरच्या सगळ्या देवांची नावं घेतली. देव घरातलेच असल्यामुळे त्यांनी ऐकलं. उघड्या तोंडांना तिने स्वच्छ प्लास्टिक लावून दोऱ्याने घट्ट बांधलं, पाईप वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पायवाटेने खाली सुटली.

पुलाजवळ दीपक भेटला. त्याची गाडी धुऊन चकचकीत, पुढे नवं तोरण. चांगला मनुष्य, पण दुसऱ्याच्या अडचणीत त्याला सल्ले फार सुचतात.

"वयनी, चेंबर फुटला म्हनं?"

"नाय. ब्रेकचा पाईप."

"हात्तिच्या! मग येवडा काय? बाटलीभर ऑइल वत, आन् ये हळूहळू. साडेपाच-सहा किलोमीटर तर हाय. तिथवर पुरतंय की."

"तुझी पोरगी बसवशील त्या गाडीत?"

दीपकने तोरण उगाच सरळ केलं. मग म्हणाला, "चल, बस. सोडतो पोलादपूरला."

भिकूने रविवार असून अर्धं शटर वर केलं होतं. कशेडीच्या घाटात कुणाचातरी ट्रक अडकला होता, त्याला तिकडे जायचं होतं, म्हणून उभ्याउभ्याच काम. त्याने पाईप उजेडात धरला. "धोंड्यानं चावलाय तुला," तो पाईपला म्हणाला. जुन्याला शेजारी ठेवून त्याने नवा तसाच वाकवला, नट ओवले, टोकं फुलवली. हवेचा झोत मारून आतून साफ केला. मग ब्रेक ऑइलचा बंद डबा दिला, हातभर पारदर्शक नळी दिली आणि सांगितलं, "लावलास की आतली हवा काढायची. हवा ऱ्हायली तर ब्रेक लागनार नाय. सगळ्यात लांबचा चाक आधी. दोन मानसं लागतात. एक पान्याला, एक पायाला."

"पान्याला मी."

"पायाला कोनीबी चालंल. फक्त सांगितल्याबिगर पाय उचलनारा नको. मधीच पाय सोडला की हवा परत आत."

वर येईपर्यंत उन्हं कलायला लागली होती. खळ्यावर झोडणीचा आवाज चालू होता, धूळ उडत होती, भागोजी पेंढ्या आपटत होते. सारिकाने नवा पाईप बसवला. धोंड्याने पुन्हा हात लावू नये म्हणून पट्टीच्या आतल्या अंगाने घेतला आणि चिमट्यांत नीट अडकवला. बाटली भरली. मग ती हात पुसत उभी राहिली. पायाला कोण? भागोजींना गाडीखालून मारलेली हाक ऐकू जायची नाही. शेजारपाजारची सगळी माणसं शेतात.

"आत्या," ती म्हणाली, "गाडीत बसा. माझ्या जागेवर."

येसूबाईने आधी मागे वळून पाहिलं. आपल्यालाच म्हणते का, याची खात्री केली. "मी? आनि काय करू?"

"पाय दाबायचा. मी दाबा म्हनले की दाबायचा आन् धरून ठिवायचा. सोडा म्हनीपर्यंत सोडायचा नाय."

"गाडीला पाय लावू?" येसूबाईला तो विचारच सहन होईना. "दसऱ्याला हिला हार घातला, हिच्या पाया पडले, आन् आता लाथ मारू?"

"लाथ नाय, आत्या. पाय."

येसूबाई नऊवारीचा ओचा खोचून सीटवर चढली. आत वाकून तिने ब्रेकला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि मग भेगाळलेला उजवा पाय अलगद त्याच्यावर ठेवला.

सारिका मागच्या चाकाशी खाली गेली. चाकामागच्या हवा काढायच्या निपलवर नळी लावली, नळीचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं.

"दाबा!"

"दाबला."

"धरा." तिने पाना सैल केला. नळीतून बुडबुड करून हवा निघाली.

"खाली चाललाय गो पाय! सोडू?"

"नाय! मी सांगीपर्यंत नाय!" पाना आवळला. "आता सोडा."

पहिले पाच-सहा वेळा येसूबाई घाबरली. मग तिला त्यातली लय सापडली. जन्मभर तिने पायाने चिखल तुडवला होता, लावणीत पायाने रोप सरळ केलं होतं. पायाला किती जोर द्यायचा हे तिला कुणी शिकवायला नको होतं. सारिका खालून म्हणायची आणि वरून उत्तर यायचं. दाबा. दाबला. सोडा. सोडला. मधेच बाटलीतलं तेल बघून भर घालायची आणि पुन्हा सुरू. दुसरं चाक झालं. पुढच्या चाकांवर येईपर्यंत रस्त्यावरून वाडीतली काशीबाई गवताचा भारा घेऊन आली आणि थबकली.

"अगो येसू! कुटं निघालीस? मुंबईला?"

"व्हय," येसूबाई पाय न हलवता म्हणाली. "तुझ्या जावयाकडं. निरोप हाय का कायतरी?"

"गाडी चालवतीस?"

"चालवत नाय, थांबवतेय. चालवायला काय, कोनीबी चालवंल."

शेवटच्या चाकाच्या नळीतून बुडबुडे संपले आणि तेलाची सलग धार आली. सारिकाने पाना आवळला. "आता दाबा, आत्या."

"दाबला. पन आता जात नाय खाली. दगडासारका झाला."

सारिका गाडीखाली तशीच पडून राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते चिखलाच्या खपलीमुळे आलं असं तिने ठरवून टाकलं. मग उठून, रिकामी गाडी घेऊन ती वळणापर्यंत गेली, आली. उतारावर थांबवली, पाय उचलला, पुन्हा थांबवली. दहा वेळा. गाडी दहाही वेळा जागच्या जागी उभी राहिली.

संध्याकाळी येसूबाईने स्वतः शेण कालवलं. झोडलेलं भात एका अंगाला सारून खळ्याचा एक कोपरा मोकळा केला, सारवला, आणि तो वाळल्यावर म्हणाली, "लाव हितं. सकाळी मी हात लावनार नाय. तूच बग."

सकाळी सारिका विहिरीवर जायच्या आधी वाकली. शेणाच्या रेघा तशाच होत्या, कोरड्या आणि फिकट. तिने तरी बोट फिरवून पाहिलं. मागे वळली तर येसूबाई नव्हती. दव असतानाच बाकीच्या बायांबरोबर शेतात गेली होती.

सव्वासातला दीपकची गाडी वर आली. चारुशीला मॅडम उतरल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, खांद्याला पिशवी, आणि समोरच्याने गृहपाठ केला आहे की नाही ते ओळखणारी नजर. सहाही मुली दप्तरं घेऊन उभ्या होत्या.

"सारिकाताई, तुमच्या गाडीला शनिवारी काही लागलं, असं ऐकलं," मॅडम म्हणाल्या. दीपक आपल्या गाडीचा आरसा पुसायला लागला.

"लागलं, मॅडम. वळणावरचा धोंडा. ब्रेकचा पाईप चिरला होता. काल नवा घातला, हवा काढली, उतारावर बघितली." तिने जुना पाईप सीटखालून काढून त्यांच्या हातात दिला. "हा बघा. इथून गळत होता."

मॅडमनी पाईप डोळ्यांजवळ धरला, चिरेवर नख फिरवलं. "काल कळलं नसतं तर?"

"तर आज निघताना कळलं असतं, आणि मी गाडी काढलीच नसती," असं म्हणता आलं असतं. सारिकाला ते सुचलंही. पण ती म्हणाली, "कळलं नसतं तर काय झालं असतं, त्याचा विचार मी काल दिवसभर केला. आता रोज निघायच्या आधी गाडीखाली बघणार. तेल, कूलंट, ब्रेक ऑइल. तीनही."

मॅडमनी पाईप परत दिला. त्या पुढच्या सीटवर बसल्या. मुली मागे बसल्या, दार ओढून घेतलं. गाडी निघाली.

वळणाच्या वीस पावलं आधी सारिकाला खालून भारे वर येताना दिसले. चार. दरडीच्या कडेने, एकामागे एक. तिने ब्रेक दाबला. खडी जराशी करकरली आणि गाडी उतारावर उभी राहिली. खाली धोंडा, त्याच्या पलीकडे खोल खाचरं.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"भारे आहेत, मॅडम."

"हॉर्न द्या ना."

मागून एक मुलगी म्हणाली, "भाऱ्याला हॉर्न देत नाहीत, मॅडम."

मॅडमनी मागे बघितलं, मग पुढे. पहिला भारा गाडीला घासून गेला, लोंब्या काचेवर वाजल्या. दुसरा गेला. चढावर पावलं सावकाश पडत होती. मॅडमची नजर सारिकाच्या पायाकडे गेली. पाय हलत नव्हता, गाडीही हलत नव्हती. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"असं रोज होतं?"

"भात घरात येईपर्यंत."

"मग उद्यापासून दहा मिनिटं लवकर निघा," मॅडम म्हणाल्या आणि पिशवीतून डायरी काढून काहीतरी लिहायला लागल्या. मागे सहा मुलींपैकी एकीला हसू फुटलं. सारिकाने पुढेच बघितलं. तिला वाटलं, आपला पाय आता आनंदाने थरथरणार. पण पायाला काम होतं.

तिसरा भारा गेला. चौथा उरला. भाताच्या ढिगाखाली फुटक्या नखाचा अंगठा चालत येत होता. गाडीच्या पुढच्या चाकाशी आल्यावर तो थांबला. भाऱ्याखालच्या माणसाला चाक दिसत होतं, आणि चाक तिने ओळखलं होतं.

"सारिके," भाऱ्यातून आवाज आला, "दाबलायस न्हवं?"

"दाबलाय, आत्या."

"सोडू नको हां. मी सांगीपर्यंत नाय."

पावलं पुढे सरकली. दाराशी आली, मागच्या चाकाशी आली, गाडीच्या मागे गेली. मग मागून, चढावर दम लागलेला पण चांगला खणखणीत आवाज आला.

"हां! सोड आता!"